मोर्व्हाँच्या पायवाटा : पॅरिसला ऊब देणाऱ्या जंगलातून

फ्रान्सला जाणाऱ्या भारतीय पर्यटकाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. आयफेल टॉवर, लूव्र संग्रहालय, सायंकाळी सीन नदीवर नौकाविहार आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या देशाकडे प्रयाण. ज्या सीनच्या पात्रावरून त्याची नौका सरकत असते, त्या पात्रात पाणी कमी पडू नये आणि पूरही येऊ नये, यासाठी सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या एका डोंगराळ मुलखात धरण बांधलेले आहे, याची त्याला कल्पना नसते. त्या मुलखाचे नाव मोर्व्हाँ. बर्गंडीच्या मध्यभागी असलेला हा ग्रॅनाइट खडकाचा उंचवटा आज फ्रान्समध्ये पायी भटकणाऱ्यांचा आवडता प्रदेश आहे. दाट जंगल, त्यातून खळाळत उतरणाऱ्या नद्या, कुंपणाच्या झाडीने आखलेली कुरणे आणि या साऱ्यांतून गेलेल्या शेकडो किलोमीटरच्या पायवाटा, हे त्याचे वैभव.

मात्र, 'निसर्गरम्य' या एका विशेषणात मोर्व्हाँ मावत नाही. येथील नदी, जंगल आणि पायवाट या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातांनी घडलेल्या आहेत आणि तिन्हींच्या भवितव्याविषयी आज तेथे वाद सुरू आहे. त्या वादाची पार्श्वभूमी ठाऊक असेल, तर तेथे चालण्याचा अर्थच बदलतो.

उंची कमी, दरारा मोठा

मोर्व्हाँ म्हणजे फ्रान्सच्या मध्यभागातील 'मासिफ सेंत्राल' या प्राचीन पर्वतसमूहाचे ईशान्येकडे पुढे आलेले टोक. भोवताली चुनखडीची सुपीक जमीन, द्राक्षमळे आणि सुखवस्तू गावे. मध्ये मात्र आम्ल माती, दीर्घ हिवाळा आणि भरपूर पाऊस. येथील सर्वोच्च शिखर ओ-फोलँ अवघे ९०१ मीटर उंच आहे. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर चढून गेलेल्या मराठी गिर्यारोहकाला ही उंची किरकोळ वाटेल. पण मोर्व्हाँची ख्याती कधीच उंचीमुळे नव्हती. ती होती दुर्गमतेमुळे आणि दारिद्र्यामुळे. 'मोर्व्हाँकडून ना चांगला वारा येतो, ना चांगली माणसे' अशी म्हण शेजारच्या सुपीक प्रदेशात रूढ होती.

चौदाव्या लुईचा ख्यातनाम दुर्गरचनाकार व्होबाँ याच मुलखातला. १६३३ मध्ये त्याचा जन्म झाला ते गाव आज सँ-लेजे-व्होबाँ या नावाने ओळखले जाते. सीमेवरचे किल्ले बांधणाऱ्या या माणसाने १६९६ मध्ये व्हेझले परगण्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. माणसे किती, गुरे किती, जमीन कशी आणि लोक काय खातात, याची ती नोंद आहे. राजाच्या वैभवाच्या काळातील ग्रामीण गरिबीचा दस्तऐवज म्हणून इतिहासकार आजही तिच्याकडे पाहतात.

शेतीतून पोट भरत नसेल तर विकायचे काय? मोर्व्हाँने तीन गोष्टी पॅरिसला पुरवल्या : लाकूड, पाणी आणि दूध. येथील बहुतेक पायवाटा या तिन्हींपैकी कशाच्या ना कशाच्या खुणेपाशी नेऊन सोडतात.

नदीतून वाहणारे सरपण

सोळाव्या शतकात पॅरिस वाढत होते आणि आसपासची जंगले संपत आली होती. चुलीला, शेगडीला, भट्टीला सरपण आणायचे कोठून? मोर्व्हाँत लाकूड मुबलक. पण रस्ते नव्हते. तेव्हा नदीलाच रस्ता करण्याची युक्ती निघाली. १५४० च्या दशकात सुरू झालेल्या या उद्योगाच्या संदर्भात शार्ल लकोंत आणि झाँ रूव्हे यांची नावे घेतली जातात. रूव्हेचा अर्धपुतळा क्लामसी येथील पुलावर आजही आहे.

ही व्यवस्था मोठी शिस्तबद्ध होती. हिवाळ्यात झाडे तोडून त्यांचे सुमारे ११४ सेंटीमीटर लांबीचे ओंडके केले जात. प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर मालकाच्या खुणेचा हातोडा मारला जाई. मग ओढ्यांच्या उगमाशी बांधलेल्या लहान तळ्यांचे दरवाजे उघडून मुद्दाम पूर आणला जाई आणि ओंडके सुटे सुटे प्रवाहात ढकलले जात. काठावर लांब आकडे घेतलेले स्त्री-पुरुष आणि मुले अडकलेले ओंडके सोडवत चालत. योन नदीवर क्लामसी आणि क्यूर नदीवर व्हेरमाँतों येथे ते अडवून, खुणेप्रमाणे निवडून, त्यांचे सुमारे सत्तर मीटर लांबीचे तराफे बांधले जात. हे तराफे पुढे सीनमार्गे पॅरिसला पोहोचत. तेथे तराफा मोडून लाकूड विकले जाई आणि तराफेवाले बहुधा पायीच गावी परतत. दोनशे किलोमीटरहून अधिक अंतराची ही परतीची वाटचाल म्हणजे या प्रदेशातील खरी 'पदयात्रा'. फरक इतकाच, की ती हौसेची नव्हती.

राजधानीत ये-जा असलेले हे कामगार राजकीयदृष्ट्याही जागरूक होते. मजुरीसाठी त्यांनी अनेकदा संप केले आणि डिसेंबर १८५१ मध्ये लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली, तेव्हा त्याविरुद्ध उठाव करणाऱ्या गावांत क्लामसी आघाडीवर होते. पुढे दगडी कोळसा आणि रेल्वे आली, तशी सरपणाची मागणी ओसरली. १९२३ च्या सुमारास नदीतून लाकूड वाहण्याची ही प्रथा संपुष्टात आली.

प्रथा संपली, खुणा राहिल्या. क्यूर नदीवरील सेतों तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. १८५४ ते १८५८ या काळात बांधलेल्या ग्रॅनाइटच्या धरणामुळे तो तयार झाला. हेतू हाच, की हवे तेव्हा पाणी सोडून खालच्या नदीची पातळी वाढवावी आणि लाकूड पुढे ढकलावे. सुमारे ३६० हेक्टरच्या या तलावाभोवती आज १४ किलोमीटरची सपाट पायवाट आहे. चार तासांत आरामात पूर्ण होणारी ही प्रदक्षिणा नवख्यांसाठी उत्तम. मोर्व्हाँचा सर्वांत मोठा तलाव पानेसिएर. १९१० च्या महापुराने पॅरिस जलमय झाल्यानंतर सीनच्या खोऱ्यात पाणी साठवण्याच्या योजना आखल्या गेल्या. त्यांपैकी योन नदीवरील हे धरण १९४९ मध्ये कार्यान्वित झाले. सुमारे आठ कोटी घनमीटर पाणी ते साठवते, हिवाळ्यात पुराचे पाणी अडवते आणि उन्हाळ्यात ते सीनकडे सोडते.

पाण्याच्या कडेने आणखी दीर्घ चालायचे असेल, तर निव्हेर्ने कालवा आहे. पॅरिसला लाकूड पोहोचवणे सोपे व्हावे म्हणून १७८४ मध्ये याचे काम सुरू झाले आणि १८४० च्या दशकात १७४ किलोमीटरचा कालवा पूर्ण झाला. घोड्यांनी नौका ओढण्यासाठी काठावर ठेवलेली वाट आज पादचारी आणि सायकलस्वार वापरतात. सार्दी गावाजवळ एकापाठोपाठ एक अशी सोळा जलद्वारे आहेत. तेथून चढून गेल्यावर कालवा डोंगराच्या पोटातील बोगद्यांत शिरतो. हा टप्पा या मार्गावरचा सर्वांत देखणा मानला जातो.

दुधाची घरे

तिसरी निर्यात होती दुधाची. गाईच्या नव्हे, मातेच्या. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील सधन कुटुंबांत मुलांना पाजण्यासाठी दाई ठेवण्याची पद्धत होती आणि मोर्व्हाँच्या स्त्रियांना त्यासाठी मोठी मागणी असे. स्वतःचे तान्हे बाळ गावी सोडून त्या पॅरिसला जात आणि त्या कमाईतून गावात घर उभे राही. अशा घरांना आजही 'दुधाची घरे' म्हणतात. दुसरीकडे, पॅरिसमधील अनाथ व टाकून दिलेली मुले सरकारी यंत्रणेमार्फत मोर्व्हाँतील कुटुंबांकडे सांभाळण्यासाठी पाठवली जात. विख्यात लेखक झाँ झने यांचे बालपण असेच आलिन्यी-आँ-मोर्व्हाँ या गावी गेले. त्याच गावात २०१६ मध्ये या दाया आणि मुलांच्या स्मृतींचे संग्रहालय सुरू झाले. कुरणांमधून गावाकडे उतरणारी वाट चालताना स्लेटच्या छपरांची नीटनेटकी घरे दिसतात. त्यांतील काहींच्या पायात कोणाच्या तरी वाट्याचे दूध आहे, हे ठाऊक झाले की पावले क्षणभर थबकतात.

जंगल कोणते, पीक कोणते?

मोर्व्हाँचा जवळपास निम्मा भाग जंगलाखाली आहे. पण जंगल म्हटले की सारे सारखेच, असे नाही. ओक आणि बीच या पानझडी वृक्षांच्या जुन्या जंगलात प्रकाश गाळून येतो, जमिनीवर पानांचा थर असतो, वसंतात रानफुले येतात. तेथून पाच मिनिटे पुढे जावे तो एकाच जातीची, एकाच वयाची, एका रेषेत लावलेली सूचिपर्णी झाडे सुरू होतात. आत काळोख, जमीन ओसाड, पक्ष्यांचा आवाजही तुरळक.

हा बदल दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४६ मध्ये फ्रान्सने राष्ट्रीय वननिधी स्थापन केला. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला बांधकामासाठी लाकूड हवे होते आणि खेड्यांतून माणसे शहरांकडे निघाल्याने शेते ओस पडत होती. अनुदान मिळू लागले, तशी ओस शेतांवर आणि पानझडी जंगल तोडलेल्या जागी स्प्रूस व मूळ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डग्लस वृक्षांची लागवड झाली. डग्लस वेगाने वाढतो, सरळ वाढतो आणि पन्नासेक वर्षांत कापणीला येतो. आज मोर्व्हाँच्या जंगलातील जवळजवळ निम्मा हिस्सा सूचिपर्णी वृक्षांचा आहे. नाताळच्या झाडांच्या उत्पादनातही हा प्रदेश फ्रान्समध्ये अग्रभागी आहे.

लागवडीच्या काळात लावलेली झाडे आता एकाच वेळी कापणीला आली आहेत. कापणीची रूढ पद्धत म्हणजे संपूर्ण पट्टा एकदम साफ करणे. काल ज्या वाटेवर सावली होती, तेथे आज उघडा डोंगर, बुंधे आणि अवजड यंत्रांच्या चाकोऱ्या दिसतात. लाकूड उद्योगाची बाजू अशी, की त्यावर येथील रोजगार उभा आहे, तोडलेल्या जागी पुन्हा लागवड होते आणि पोलाद व सिमेंटपेक्षा लाकूड पर्यावरणाला अनुकूल आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की उतारावरील माती वाहून ओढ्यांत जाते आणि जैवविविधता नष्ट होते. २०१८ नंतरच्या सलग दुष्काळांनी या वादाला नवे वळण दिले. तहानलेल्या स्प्रूसवर साल पोखरणाऱ्या किड्यांनी हल्ला केला आणि पट्टेच्या पट्टे तपकिरी पडले. एकाच जातीवर भिस्त ठेवण्याचा धोका सर्वांनाच दिसला.

येथील बहुतांश जंगल खासगी मालकीचे असल्याने सरकारी आदेशाने हा प्रश्न सुटणारा नाही. म्हणून काही नागरिकांनी वेगळा मार्ग निवडला. २००३ मध्ये त्यांनी मोर्व्हाँच्या पानझडी जंगलांच्या रक्षणासाठी एक गट स्थापन केला. सामान्य माणसांनी भाग विकत घ्यायचे, त्या पैशातून विक्रीस निघालेले जंगल खरेदी करायचे आणि सरसकट तोड न करता निवडक झाडेच काढायची, असे त्याचे सूत्र आहे. मोर्चा काढण्याऐवजी सातबारा आपल्या नावावर करून घेण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

जंगल आणि नदी यांचे नाते किती नाजूक आहे, याचा साक्षीदार येथील ओढ्यांत राहतो. गोड्या पाण्यातील मोती देणारा शिंपला शंभर वर्षांपेक्षाही अधिक जगतो. त्याची पिले जन्मानंतर काही महिने ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात. त्यामुळे मासा वरच्या प्रवाहात जाऊ शकला नाही किंवा वाळूच्या तळावर गाळ बसला, तर नवी पिढी निपजत नाही. केवळ म्हातारे शिंपले उरतात. म्हणूनच १९७० मध्ये स्थापन झालेल्या मोर्व्हाँ प्रादेशिक निसर्ग उद्यानाने काही ओढ्यांवरील जुने बांध काढणे, काठावरील सूचिपर्णी झाडे हटवणे अशी कामे हाती घेतली.

इतिहासाच्या सावलीत

जंगलातील सर्वांत अर्थपूर्ण फेरफटका बहुधा मों बव्रे या ८२१ मीटर उंचीच्या डोंगरावरचा. येथे बिब्राक्त ही एदुई या गॉल जमातीची तटबंद राजधानी होती. इसवी सनपूर्व ५२ मध्ये ज्युलियस सीझरविरुद्धच्या आघाडीचा सेनापती म्हणून व्हर्सिंजेटोरिक्सची निवड येथेच झाली आणि त्याचा पराभव केल्यानंतर सीझरनेही हिवाळा येथेच काढला. १९८४ पासून येथे नव्याने उत्खनन सुरू आहे आणि १९९५ मध्ये पायथ्याशी संग्रहालय उभे राहिले. मोर्व्हाँतील शातो-शिनों या गावाचे १९५९ ते १९८१ अशी बावीस वर्षे महापौर राहिलेले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रान्स्वा मित्राँ यांचा या प्रकल्पाला पाठिंबा होता.

डोंगरावरील तटबंदीच्या कडेने चालताना पिळवटलेल्या, आडव्या वाढून पुन्हा वर वळलेल्या अजस्र बीच वृक्षांच्या रांगा लागतात. त्यांना स्थानिक बोलीत 'कल' म्हणतात. ही निसर्गाची किमया नव्हे. गुरे शेतात शिरू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी कोवळ्या फांद्या वाकवून, एकमेकींत गुंफून केलेले ते कुंपण होते. माणसे निघून गेली, कुंपणाची निगा थांबली आणि कुंपणाचेच झाड झाले.

अशा जिवंत कुंपणांची संपूर्ण फ्रान्समध्ये पीछेहाट सुरू आहे. कृषी मंत्रालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०१७ ते २०२१ या काळात दरवर्षी सरासरी २३,५०० किलोमीटर लांबीची कुंपणझाडी नाहीशी झाली. ट्रॅक्टरला मोठे शेत हवे असते आणि झाडीची छाटणी करायला माणसे उरलेली नसतात.

याच जंगलाने दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांशी लढणाऱ्या गनिमांना आसरा दिला. त्याची किंमत गावांनी मोजली. जून १९४४ मध्ये दँ-ले-प्लास या गावातील २७ जणांची हत्या झाली. मोंसोश आणि प्लांशे ही गावे जाळण्यात आली. उरू गावाजवळ जंगलात गनिमांची दफनभूमी आहे. तेथे ब्रिटिश वैमानिकांच्याही कबरी आहेत. उद्यानाचे मुख्यालय असलेल्या सँ-ब्रिसों येथे या लढ्याचे संग्रहालय आहे.

पायवाट टिकते कशी?

एवढ्या पायवाटा मोकळ्या कशा राहतात, हा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर दुहेरी आहे : स्वयंसेवक आणि कायदा.

फ्रान्समध्ये पायवाटांच्या खुणा रंगवण्याची आजची पद्धत १९४७ मध्ये सुरू झाली. झाँ लुआझो यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या समितीने त्या वर्षी लुआर नदीकाठी ओर्लेआँजवळ पहिला दीर्घ पल्ल्याचा मार्ग आखला. तिचेच रूपांतर पुढे राष्ट्रीय पदभ्रमण महासंघात झाले. आज देशभरात १ लाख ८० हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटांवर खुणा आहेत आणि ब्रश-डबा घेऊन त्या रंगवणारे हजारो जण विनावेतन काम करतात. खुणांची भाषा सोपी आहे. पांढरा-लाल पट्टा म्हणजे दीर्घ पल्ल्याचा राष्ट्रीय मार्ग. पिवळा-लाल म्हणजे विशिष्ट प्रदेशाची प्रदक्षिणा. केवळ पिवळा म्हणजे काही तासांची स्थानिक फेरी. फुली दिसली, तर वाट चुकली असे समजावे.

कायद्याची बाजू अधिक रंजक आहे. गावाबाहेरच्या बहुसंख्य जुन्या वाटा 'ग्रामीण मार्ग' या वर्गात मोडतात. त्या ग्रामपालिकेच्या मालकीच्या असतात. पण सार्वजनिक रस्त्याप्रमाणे अविक्रेय नसतात. लोकांचा वापर थांबला, तर जाहीर चौकशीनंतर ग्रामपालिका अशी वाट विकू शकते. शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून तीस वर्षे ताब्यात ठेवली, तर तो मालकीहक्क सांगू शकतो. उलटपक्षी, लोक तेथून जात-येत असतील, तर ती वाट सार्वजनिक वापराची आहे, असे कायदा गृहीत धरतो. थोडक्यात, चालणे हाच वाटेचा पुरावा. १९८३ पासून प्रत्येक जिल्ह्याला पदभ्रमण मार्गांचा आराखडा करण्याची तरतूद झाली. त्यात नोंदलेली ग्रामीण वाट विकायची, तर ग्रामपालिकेला पर्यायी वाट द्यावी लागते.

खासगी जंगलाचे तसे नाही. तेथील वावर बहुतांशी मालकाच्या सहनशीलतेवर चालतो. २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने या नात्याला नवे वळण दिले. वन्यप्राण्यांची ये-जा अडवणाऱ्या उंच जाळ्यांच्या कुंपणांवर त्याने निर्बंध आणले, ही जमेची बाजू. परंतु त्याच कायद्याने, खासगी असल्याची स्पष्ट खूण असलेल्या ग्रामीण वा वनजमिनीत विनापरवाना शिरणे दंडनीय ठरवले. कुंपणे काढायला लावण्याच्या बदल्यात मालकांना दिलेले हे संरक्षण होते. निसर्गप्रेमींना मात्र त्यात चालण्याच्या स्वातंत्र्यावरचे संकट दिसते. नदीकाठाचेही असेच. सरकारी मालकीच्या मोठ्या नद्यांच्या काठी ३.२५ मीटर रुंदीचा पट्टा पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवणे बंधनकारक आहे. पण मोर्व्हाँतील क्यूरसारख्या लहान नद्यांचे काठ खासगी आहेत. तेथे खुणा असलेली वाट न सोडणे हेच शहाणपणाचे.

जाणाऱ्यांसाठी

पॅरिसहून आव्हालों किंवा क्लामसीपर्यंत रेल्वेने जाता येते. पुढे सार्वजनिक वाहने विरळ असल्याने मोटार उपयोगी पडते. उत्तरेचे प्रवेशद्वार व्हेझले. येथील मठ-चर्चचा १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि स्पेनमधील सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू आजही येथून निघतात. तेथून क्यूरच्या काठाने पिएर-पेर्त्युईचे दोन पूल पाहून परतणे, हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. गुलू येथील धबधबा कुटुंबासह पाहण्याजोगा. चांगला सराव असलेल्यांसाठी तलावांना जोडणारी दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची मोर्व्हाँ प्रदक्षिणा आहे. तिला दहा-बारा दिवस हवेत.

मे-जून आणि ऑक्टोबर हे महिने सर्वोत्तम. मात्र, शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार सुरू असल्याचा फलक दिसल्यास मागे फिरावे. उंच गवतातील गोचिडांपासून लाइम आजाराचा धोका असल्याने अंगभर कपडे घालून परतल्यावर त्वचा तपासावी. चार सेंटीमीटरला एक किलोमीटर या प्रमाणातील नकाशा जवळ ठेवावा. दऱ्यांमध्ये मोबाइलचा भरवसा नसतो. आपत्कालीन क्रमांक ११२.

पॅरिसने मोर्व्हाँकडून लाकूड घेतले, पाणी घेतले, दूध घेतले. आज तेथून माणसे येतात ती शांतता घ्यायला. या वेळी मात्र घेणाऱ्याकडून काही परतही मिळते. पायवाटेवर उमटलेले प्रत्येक पाऊल ती वाट जिवंत असल्याची साक्ष देते आणि ती साक्ष ग्रामपालिकेच्या दप्तरातही ग्राह्य धरली जाते.